ताकदीच्या गोळ्या

१७ नोव्हेंबर १९६८, रविवार

नागपूरच्या डॉक्टरांनी रोज दोन ओळी लिहायला सांगितलं आहे. झोप किती झाली, जेवण किती गेलं, रडू आलं का. पुढच्या खेपेला ही वही त्यांना दाखवायची आहे. दाखवीन असं वाटत नाही.

कशासाठी गेलो ते एकदा लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा लिहायला नको. अनुसया श्रावणात काविळीने गेली. आम्हांला मूलबाळ नाही. घरात आता मी आणि बाबा. मी सिंचाई खात्यात कारकून आहे. जिल्ह्यातल्या तलावांची पातळी किती, आवक किती, बांधातल्या मोरीतून पाणी किती सोडलं, याचा दर आठवड्याचा तक्ता मी तयार करतो. बावीस वर्षांत बोट ठेवायला जागा नव्हती. दिवाळीच्या आधी एका तलावाची पातळी सलग तीन आठवडे तीच लिहिली. ओवरसियरसाहेबांनी विचारलं तेव्हा मी त्यांच्या टेबलापुढे उभा राहून रडलो. चपराशी होता, दोन ठेकेदार होते. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

शेजारच्या टेबलावरचा हिरालाल मला नागपूरला घेऊन गेला. ऑफिसात त्याने सांगितलं, आंख दिखाने जा रहे हैं. तिथल्या डॉक्टरांच्या पाटीवर मेंदूचे व मनाचे विकार असं लिहिलं होतं. आत जाताना मी छत्री उघडली. ऊनही नव्हतं.

गोळ्यांचं नाव इमिप्रामिन. दिवसातून तीन. बाटलीवरचा कागद गोंदिया यायच्या आत गाडीतच नखाने खरवडून काढला. बाटली अनुसयाच्या बांगड्यांच्या डब्यात ठेवली आहे.

२३ नोव्हेंबर

झोप तीन तास. जेवण अर्धं. रडू आलं, सायकलवर. जीभ कोरडी पडते.

५ डिसेंबर

चार दिवस झाले, सलग झोप लागते आहे. काल लीलावहिनींनी पाठवलेली वांग्याची भाजी मी पुसून खाल्ली. या लीलाबाई आमच्या शेजारच्या. वाटी परत केली तेव्हा म्हणाल्या, "भाऊजी, आता कुठं तोंडावर रंग आला तुमच्या." मला लाज वाटली. चोवीस वर्षांचा संसार आणि तीन आठवड्यांच्या गोळ्यांनी भाजी गोड लागायला लागली. अनुसयाला हे कळलं तर ती काय म्हणेल, असं मनात आलं.

बाबांना मात्र काहीच नाही. ते भिंतीला पाठ लावून बसतात. वय शहात्तर, डोळ्यांत मोतीबिंदू. वैनगंगेची मासोळी त्यांच्या फार आवडीची, पण काटे दिसत नाहीत. अनुसया जवळ बसून एकेक काटा काढायची आणि नुसतं मऊ मांस त्यांच्या भाताच्या कडेला ठेवायची. ती गेल्यापासून त्यांनी मासोळीचं नाव काढलेलं नाही. आज मी विचारलं, "आणू का?" तर म्हणाले, "कायले? माह्या गळ्यात काटा अटकवाले?"

९ डिसेंबर

आज चूक झाली की बरं झालं, समजत नाही. सकाळी दाराआड उभा राहून गोळी घेत होतो. बाबांना दिसत कमी, पण ऐकू सगळं येतं.

"शालिकराम, का खाऊन राह्यला?"

"काही नाही बाबा. ताकदीची गोळी आहे."

"कोनं देल्ली?"

"नागपूरहून आणली."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग हात पुढे केला. "मले बी दे एक. ताकद तं मले पायजे. तू तं अजून बैल हाय."

कितीतरी दिवसांनी ते माझ्याशी असं बोलले. ती मनाची गोळी आहे, डोकं ठिकाणावर नसलेल्यांची आहे, हे त्या हाताकडे बघून मला सांगता आलं नाही. मी गोळी दिली. दिवसभर विचार केला. सुतक दोघांनी सारखंच पाळलं. माझे दहा दिवस आणि त्यांचे आठ, असं कोणी सांगितलं नाही. दुःख एकच, माणूस गेलं तेही एकच. मग औषध वेगळं का असावं? मला तीन, त्यांनाही तीन.

१६ डिसेंबर

बाबा झोपतात. दुपारीसुद्धा. उसासे थांबले.

बाटली लवकर संपणार म्हणून हिरालालला सांगितलं. त्याचा मेहुणा नागपूरला असतो. तो म्हणाला, "शालिक भैया, गोली खा रहे हो कि मुर्गियों को चुगा रहे हो? इतनी जल्दी ख़तम!" मी म्हटलं, एक बाटली हातातून पडली, फुटली. खोटं बोलणं आता सोपं जातं.

२१ डिसेंबर

आज बाबा आपण होऊन म्हणाले, "मासोळी आन."

घाटावरून आणली. मीच शिजवली. हळद जास्त झाली. त्यांच्याजवळ बसून काटे काढले. मला अर्धा तास लागला, अनुसयाला पाच मिनिटं लागायची. दोन काटे राहिलेच. बाबांनी ते तोंडातून काढून ताटाच्या कडेला ठेवले आणि म्हणाले, "शिकशील."

वहीत ही एक गोष्ट लिहिताना हात हलका झाला.

२७ डिसेंबर

माझी थोरली बहीण मैनाबाई लालबऱ्ह्याहून आली. तिथे तिचं घर, विधवा आहे, मुलं शेती पाहतात. मी तिला बाई म्हणतो. आल्याआल्या तिने आम्हां दोघांना उजेडात उभं केलं.

"शालिक, तू तं पयलवान होऊन राह्यला. अन् बाबा वाळून चालले. सारं तूच खातं का बाप्पा?"

ती हसली, मीही हसलो. पण बाबा खाटेवरून उठताना दाराची चौकट धरतात, हे मी आठवडाभर पाहतो आहे. उठले की क्षणभर डोळे मिटून उभे राहतात. म्हणतात, धरती फिरते. तोंड सारखं कोरडं पडतं, बोलताना जीभ टाळूला चिकटते. पोट साफ नाही. न्हाणीत जातात ते पंधरा मिनिटं येत नाहीत. काल मला दोनदा महागू म्हणाले. महागू हा त्यांचा भाऊ, मी पाचवीत असताना वारलेला.

बाई म्हणाली, "थंडी हाय. अन् म्हातारपन का सांगून येते?" तिने रात्रीच्या दुधात एरंडेल घालून दिलं. माझंही तोंड कोरडं पडायचं सुरुवातीला, मग सरावलं. त्यांचंही सरावेल.

४ जानेवारी १९६९

बंडोपंत डॉक्टरांना घरी बोलावलं. गावात त्यांचा जुना दवाखाना आहे, बाबांना ते वीस वर्षांपासून ओळखतात.

"काय डोमाजी, माझ्यावर रुसलात का? ओळख देत नाही."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तलाठी का तुमी?"

डॉक्टरांनी नाडी पाहिली, पोट दाबलं. लघवीच्या त्रासासाठी एक औषध लिहिलं. मग कागदावरून मान वर न करता विचारलं, "आणखी काही औषध चालू आहे?"

बाई दारात उभी होती. लीलावहिनी खिडकीत होत्या. मी म्हटलं, "ताकदीच्या गोळ्या आहेत."

"असू द्या. चालू ठेवा. या वयात ताकद पाहिजेच."

मी त्यांना सायकलीपर्यंत पोचवायला गेलो. तिथे कोणी नव्हतं. सांगायला जागा होती, वेळ होता. त्यांनी पँटला क्लिप लावली, टांग टाकली. मी म्हटलं, "सावकाश जा, रस्ता खराब आहे."

७ जानेवारी

आता गोळ्या बाईच्या ताब्यात आहेत. ती म्हणते, डॉक्टरनं सांगतलं, ताकदीची गोळी चुकवाची नाई. सकाळी, दुपारी, संध्याकाळी ती स्वतःच्या हाताने बाबांना देते आणि गिळली की नाही ते तोंड उघडायला लावून पाहते. काल म्हणाली, "एकीनं का होते? एवढे गळून गेले. दोन दोन देतो."

मी म्हटलं, "नको, तीनच."

"काहून? ताकद जास्त झाली तं का नुकसान हाय?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. म्हणजे होतं. पण ते सांगितलं की पुढचा प्रश्न आला असता. नागपूरहून आलेल्या नव्या बाटलीचाही कागद मी खरवडला होता. काल ऑफिसला जाण्याआधी ती बाटली पुन्हा बांगड्यांच्या डब्यात लपवली. संध्याकाळी आलो तर बाई विचारते, "अनुसयाच्या बांगड्यांत औषध कोनं ठेवलं रे? मुंगी लागली असती." बाटली आता तिच्या कमरेच्या पिशवीत असते. माझ्या गोळ्याही मी तिच्याकडून मागून घेतो. ती माझ्याही तळहातावर ठेवते.

मी स्वतःला हेच सांगतो की तीच गोळी मी दोन महिने घेतो आहे, मला काही झालं नाही. मग त्यांना गोळीने कसं होईल?

१० जानेवारी

बाबा काल दुपारपासून रजईवरून काहीतरी वेचतात. अंगठा आणि पहिलं बोट जुळवून हलकेच उचलतात, खाटेच्या कडेला ठेवतात. पुन्हा उचलतात. तिथे काहीही नाही. मी विचारलं, "बाबा, काय करता?"

"काटे काढून राह्यलो. अनुसया जेवाची हाय."

मग अंगणाकडे तोंड करून म्हणाले, "ये बाई, बस. सून जेवली नाई अन् घरातले सारे जेवले, असं कुठं असते?"

बाई तोंडाला पदर लावून आत गेली. लीलावहिनींनी गल्लीत सांगितलं असावं, कारण संध्याकाळी दोघेजण पाहायला येऊन गेले. हिरालालने मला बाजूला घेतलं. "भैया, बुरा मत मानना. पिताजी को भी नागपूर दिखा दो, अपने वाले डॉक्टर को." तो अपने वाले म्हणाला. मी आजूबाजूला पाहिलं, कोणी ऐकलं का ते.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी बाबा खाटेवरून उठले आणि सरळ पुढे पडले. उखळाची कड कपाळाला लागली. शनिवार सकाळपासून लघवी झाली नव्हती आणि पोट मडक्यासारखं टणक झालं होतं, हे बाईने मला तेव्हा सांगितलं. बापाचं असलं दुखणं मुलीने कसं बोलावं म्हणून ती दिवसभर थांबली. मी तिला काय बोलणार?

रिक्षाने बंडोपंत डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलं. त्यांनी रबरी नळी घालून लघवी मोकळी केली, कपाळाला टाके घातले. बाबा टाके घालताना ओरडलेही नाहीत, हवेतले काटे वेचत राहिले. डॉक्टर हात धुवून आले.

"आठ दिवसांपूर्वी हा माणूस मला तलाठी म्हणाला, पण निदान चालत होता. काय देताय तुम्ही त्यांना?"

बाईने कमरेची पिशवी सोडली आणि बाटली पुढे केली. "तुमी सांगतली तेच, डॉक्टरसाहेब. ताकदीची. एक बी नाई चुकवली."

त्यांनी बाटली फिरवून पाहिली. "हिचा कागद कुठे आहे?"

बाकावर भरवेलीच्या खाणीतला एक कामगार हाताला पट्टी बांधून बसला होता. त्याची बायको होती. कंपाउंडर होता. हिरालाल दारात उभा होता. मी एकेकाकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "अहो बोला, बाप तुमचा आहे."

मी त्यांच्या टेबलावरची चिठ्ठ्यांची वही ओढली आणि लिहिलं. इमिप्रामिन, पंचवीस मिलिग्रॅम, दिवसातून तीन. रुग्ण शालिकराम डोमाजी, वय सेहेचाळीस. बाबांना नऊ डिसेंबरपासून मी दिली. तोंडाने बोलणं त्याही वेळी जमलं नाही.

त्यांनी वाचलं. मला वाटलं, मोठ्याने वाचतील. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि बाईला म्हणाले, "आजपासून ही गोळी बंद. एकही नाही."

१३ जानेवारी

बाबांना दवाखान्यातच ठेवलं आहे. डॉक्टरांनी आज मला मागच्या व्हरांड्यात बोलावलं. ते ओरडले नाहीत. जवळजवळ शिकवल्यासारखं बोलले.

"तुमचं शरीर आजची गोळी बरीचशी उद्यापर्यंत निकालात काढतं. डोमाजींचं काढत नाही. या वयात यकृत, मूत्रपिंड, सगळंच मंद चालतं. कालची शिल्लक असताना तुम्ही आज तीन दिल्या, त्या शिल्लक असताना उद्या तीन. ती अंगात साचत गेली. शिवाय उभं राहताना रक्तदाब सावरायची ताकद म्हाताऱ्याची आधीच कमी. लघवीची वाट आधीच अरुंद. डोकं आधीच हळवं. जिथे कमी होतं तिथेच या गोळीने मारलं. तुम्हांला नुसतं तोंड कोरडं पडतं, त्यांना तीच गोळी खाटेवरून पाडते."

"म्हणजे त्यांना ती द्यायचीच नव्हती?"

"गरज आहे का, ते आधी डॉक्टरने पाहिलं असतं. दिली असती तरी अगदी थोडी, आठवड्याआठवड्याला तपासून. चार तारखेला मी विचारलं होतं, शालिकराम."

"हो."

"मीही बाटली बघायला मागायला हवी होती. पण विचारलं होतं."

बावीस वर्षं मी तक्ते लिहितो आहे. मोरी गाळाने भरली असेल आणि आवक तीच ठेवली तर तलाव बांधावरून वाहतो, हे मला शिकाऊ मजूरही विचारत नाही. घरात महिनाभर मी आवक लिहीत होतो. मोरीकडे पाहिलं नाही.

घरी येऊन बाईला सगळं सांगितलं. माझी गोळी, नागपूर, ओवरसियरचं टेबल, सगळं. ती भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. मग म्हणाली, "तोंड उघडून पाह्यत होतो मी. गिळली का नाई ते पाह्यत होतो. माह्या हातानं."

मी म्हटलं, "बाई, मला लाज वाटत होती."

"पागल होनं लाजेचं नाई, शालिक. माह्या हातानं बापाले मारवत होता, ते लाजेचं हाय."

ती आज जेवली नाही. मीही नाही.

१६ जानेवारी

काटे वेचणं कमी झालं. नळी अजून आहे. डॉक्टर म्हणतात, चढायला महिना लागला, उतरायलाही वेळ लागेल, म्हातारं अंग आहे. तुमची स्वतःची गोळी बंद करू नका, असंही त्यांनी सांगितलं. मी मनातल्या मनात बंद करून टाकली होती, शिक्षा म्हणून. त्यांना कसं कळलं, माहीत नाही.

२० जानेवारी

नळी काढली. लघवी आपोआप झाली. कंपाउंडरने ती बातमी अशी दिली जशी नातू झाल्याची देतात. बाबांनी डॉक्टरांना विचारलं, "बंडोपंत, तुमचे केस कवा पिकले?" डॉक्टर हसले, मग चष्मा पुसत बाहेर गेले.

२५ जानेवारी

बाबा घरी आले. बाई उद्या लालबऱ्ह्याला जाते. माझ्याशी ती मोजकंच बोलते. आज तिने बाबांच्या औषधांची पिशवी माझ्या हातात न देता लीलावहिनींच्या हातात दिली. ते बरोबरच आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

बाबांचं डोकं आता पूर्ण ठिकाणावर आहे. त्यामुळे ते पुन्हा भिंतीला पाठ लावून बसतात. कपाळावरची खूण वाळली आहे. बंडोपंत आठवड्यातून एकदा येऊन बसतात, काही देत नाहीत, नुसतं बोलतात.

आज मासोळी आणली होती. मी काटे काढत बसलो होतो. बाबा म्हणाले, "शालिक, ती गोळी होती नं. त्यातली एक देशील का?"

माझ्या हातातला काटा बोटात गेला. "का बाबा?"

"ती आलती. अंगनात बसली होती, हिरव्या लुगड्यात. जेवली नाई. मी काटे काढत होतो तं हासत होती."

मी ताट खाली ठेवलं. एवढे दिवस बाईला सांगितलं, डॉक्टरांना लिहून दिलं, बाबांना सांगितलं नव्हतं. आज सांगितलं. "ती ताकदीची गोळी नव्हती बाबा. माझं डोकं बिघडलं होतं. ऑफिसात सगळ्यांसमोर रडलो. नागपूरच्या पागलांच्या डॉक्टरने दिली होती. मी तुमच्याशी खोटं बोललो."

"मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"ताकदीची गोळी कोनी दाराआड दडून खाते का, लेका? डोळे गेले माहे, कान नाई गेले. तू रोज रडून राह्यलता."

"मग मागितली कशाला?"

त्यांनी ताट चाचपून जवळ ओढलं. भात कालवला. 

"तू एकटाच खाऊन राह्यलता ना," ते म्हणाले.

मी त्यांच्या भाताच्या कडेला मासोळीचा मऊ तुकडा ठेवला. ते जेवले. एक काटा राहिला होता, तो त्यांनी कडेला ठेवला.

संध्याकाळी एक कागद कापून खळीने बाटलीवर चिकटवला. शाईने औषधाचं नाव लिहिलं, त्याखाली माझं, वय सेहेचाळीस, आणि त्याखाली दुसऱ्या कोणासाठीही नाही. बाटली कोनाड्यात दर्शनी ठेवली. लीलावहिनी आल्या, त्यांनी ती पाहिली. पाहू दिली.

गोळीची वेळ झाली तेव्हा दाराआड गेलो नाही. खाटेजवळ उभा राहिलो. बाबांनी उशाशी ठेवलेला पाण्याचा गडवा चाचपून उचलला आणि माझ्यापुढे धरला.